मोहाच्या दिवसांतली हजेरी

सातवीतल्या एका मुलीवर अन्याय झाला. मार्च महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा वर्ग. हजेरीपटावर तिच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं गेलं : ‘सतत गैरहजर. पालक कामाला जुंपतात.’ लिहिलं गेलं, असं म्हणणं लबाडीचं आहे. मी लिहिलं. अक्षर माझं, पेन माझा, आणि लिहिताना वाटलेली ऐटही माझीच.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते, हे मला लातुरात शिकवलं गेलं. आमच्या संघटनेतला एक दादा छापखान्यात कामाला होता. तो म्हणायचा, “कुणावर अन्याय झाला आन कधी झाला, हे पहिल्या ओळीत नसलं तर लोक त्या कागदावर भजी खातेत.” मी सतरा वर्षांची होते तेव्हापासून पत्रकं लिहीत आले. वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी, मुलींचा बसपास, शिष्यवृत्तीचे अर्ज दाबून ठेवणारा कारकून. जयंतीच्या मिरवणुकीचं पत्रकसुद्धा औशात दोन वर्षं माझ्याच हातचं होतं. एवढ्या पत्रकांत अन्याय करणारी मी, असं एकदाही लिहावं लागलं नव्हतं. आज लिहिते आहे. आणि तरीही सांगते, त्या शाळेतले सात महिने मी जेवढी मजेत होते तेवढी आधी कधी नव्हते.

नांदेडच्या एका संस्थेकडं परदेशातून तरुण मुलंमुली यायची, काही महिने कुठल्यातरी शाळेत राहून काम करायची. त्या वर्षी जर्मनीहून एकोणीस वर्षांची एक मुलगी येणार होती. तिला किनवटच्या जंगलातली आश्रमशाळा दिली होती. तिच्यासोबत राहायला, तिचं बोलणं मराठीत सांगायला इथली एक स्वयंसेविका पाहिजे होती. माझी पदवी झालेली, पुढचं काही ठरलेलं नव्हतं. मला विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

“म्हणजे ती येणार, आदिवासी लेकरांना मांडीवर घेऊन फोटो काढणार, आणि मी तिची पिशवी धरून उभी राहणार?” मी घरी येऊन ओरडले.

माय कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. “ती सात समुद्र ओलांडून यायली,” ती म्हणाली, “आन तुला औशाहून किनवटाला जायला जड जायलंय.”

“मुद्दा तो नाही, माय.”

“मुद्दा तुझा तू बघ. बॅगेत चादर टाक. तिकडं थंडी लई असती म्हणे.”

मी गेले. खरं सांगायचं तर त्या मुलीवर नजर ठेवायला गेले. पत्रकाचा मथळासुद्धा मनात तयार होता : ‘आमची लेकरं तुमच्या अल्बमसाठी नाहीत!’

नांदेडहून रेल्वेनं किनवट, तिथून जीपनं सागवानाच्या जंगलातून शाळा. माझ्याच विभागातला, शेजारचाच जिल्हा, आणि उतरल्यावर मला कळेना की मी कुठं आले. एका वर्गात गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि तेलुगू अशा चार बोली चालायच्या, आणि पाचवी मराठी फक्त फळ्यावर. माझी औशाची मराठी ऐकून लेकरं एकमेकांकडं बघून हसायची. ती जर्मनीची मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला बसली. तिला कुणाचंच काही कळत नव्हतं, त्यामुळं तिला लाज वाटायचं कारण नव्हतं. मला अर्धं कळत होतं, म्हणून मी अवघडलेली. फोन तिनं ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता. महिनाभर मी वाट पाहिली. एक फोटो काढला नाही बयेनं. माझा मथळा वाया गेला.

लेकरांनी तिचं नाव पाव्हणी ताई ठेवलं. तिला इंग्रजी शिकवायला आणलं होतं, पण इंग्रजी ही तिचीही भाषा नव्हती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती अडखळायची, लेकरंही अडखळायची, आणि त्यामुळं वर्ग फार छान चालायचा. संध्याकाळी ती मुलींना पळायला शिकवायची. मी गणित घ्यायचे.

गणिताच्या तासाला मला पहिल्या ओळीतली ती मुलगी कळली. गोंडांची. पाच किलोमीटरवरच्या गुड्यातली, म्हणजे तिकडच्या गोंडांच्या वस्तीतली. गुड्यात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीपासून ती आमच्या वसतिगृहात राहत होती. बोलायला कमी. पण मी फळ्यावर बेरीज केली की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, “ताई, हातचा राहिला.” आठवड्यातून दोनदा तरी. लहान मुलींना माझी मराठी कळली नाही की त्या तिच्याकडं बघायच्या आणि ती गोंडीत सांगायची. मी दहा वाक्यं बोलले की ती एकात आटपायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं का, हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, “आधी आठवीत जाऊ द्या की.”

फेब्रुवारीच्या शेवटी सातवीचे वर्गशिक्षक लांबच्या रजेवर गेले. मुख्याध्यापकांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. तिथून बिघडलं.

मी लातूरच्या शिकवण्यांत वाढलेली. आमचा सहाचा वर्ग असायचा, आणि सहा वाजून एक मिनिटानं दार बंद. पाऊस असो, पंक्चर असो, दार बंद आणि घरी फोन. त्या दाराबाहेर मी दोनदा रडले आहे. तरीही मला तो नियम लई थोर वाटायचा. शिस्त म्हणजे हीच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. हजेरीपट हातात आला त्याच दिवशी मी शिपाईमामांना सांगितलं, “सव्वानऊला गेट लावायचं. नंतर कुणी आलं तर उघडायचं नाही.”

“कोणालाच नाही का, ताई?” मामांनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

“बरं,” मामा म्हणाले. ते दोन वेळा विचारणाऱ्यांतले नव्हते.

मार्च लागला आणि मोहाची फुलं पडायला लागली. रोज एकदोन पालक यायचे, वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडमपुढं अंगठा उठवायचे आणि लेकरू घेऊन जायचे. निम्मा वर्ग रिकामा झाला. ती मुलगीही गेली. मला मोहाचं काय ठाऊक? औशात मोह म्हटलं की दारू, एवढंच. म्हणजे आईबाप लेकरांना शाळेतून काढून दारूच्या फुलांमागं लावतात, असं माझं मत झालं, आणि माझं मत झालं की ते छापायला जायचं हा माझा स्वभाव.

त्यात एक गोष्ट मला ठाऊक होती. महिनाअखेरीला वसतिगृहाची यादी आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात जायची. ‘सतत गैरहजर’ असा शेरा ज्याच्या नावापुढं, त्याचं नाव कमी व्हायचं आणि जागा दुसऱ्याला जायची. वाट बघणारे पुष्कळ होते. त्या मुलीचं नाव कमी झालं असतं तर तिचं शिक्षण सातवीतच संपलं असतं, कारण रोज गुड्यातून जायला-यायला रस्ता नीट नाही, आणि पावसाळ्यात मधला नाला उतरू देत नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीवरून बाकीच्यांनाही धाक बसावा म्हणून.

त्या संध्याकाळी जेवताना मी मोठ्या अभिमानानं पाव्हणीला सांगितलं. तिनं वरणात भात कालवला, एक घास खाल्ला आणि विचारलं, “तू तिला विचारलंस का, ती का गेली ते?”

मी बालमजुरीवर बोलले. कायद्यावर बोलले. ताटातलं गार होईपर्यंत बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे नाही विचारलंस,” ती म्हणाली.

माझ्याइतकं फटकळ माणूस मला पहिल्यांदाच भेटलं, आणि ते परदेशातून मागवावं लागलं.

तरी मी विचारायला निघाले नव्हते. जाब मागायला निघाले होते. ‘पालकांनो, उत्तर द्या!’ असं एक पानी पत्रक लिहिलं, किनवटाहून येणाऱ्या जीपवाल्याकरवी वीस झेरॉक्स मागवल्या, आणि गुरुवारी सकाळी उजाडायच्या आत आम्ही दोघी शाळेच्या सायकली घेऊन गुड्याकडं निघालो. नाल्यापाशी सायकल उचलावी लागली. पलीकडं गेलो आणि वास आला. गोड, जरा आंबूस, गुळाच्या ढेपेवर पाणी शिंपडल्यासारखा. झाडांखालचा पालापाचोळा झाडून जाळलेला होता, जमीन काळी स्वच्छ, आणि तिच्यावर पिवळट पांढरी फुलं पडलेली. पडतच होती. टप्, टप्. प्रत्येक झाडाखाली एकेका घरची माणसं वाकलेली. कुणी आमच्याकडं बघितलं नाही, कारण ऊन चढायच्या आत वेचून व्हायला हवं असतं.

ती मुलगी एका मोठ्या झाडाखाली टोपली घेऊन बसली होती. बाजूला तिची आजी, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. अस्वलं येतात मोहाला, म्हणून म्हातारी मधूनमधून डबा वाजवायची. डोळ्यांना तिच्या फार दिसत नव्हतं. फुलाऐवजी खडाच उचलायची आणि बोटांनी चाचपून टाकून द्यायची.

मी पुढं झाले. “आजीला सांग,” मी मुलीला म्हणाले, “शिक्षण हा लेकरांचा हक्क आहे. तो हिरावून घेणं हा गुन्हा आहे. कोवळ्या खांद्यांवर कष्टाचं ओझं टाकणाऱ्या समाजाला पुढची पिढी माफ करणार नाही.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं आणि गोंडीत दोन-तीन शब्द बोलली. आजी तोंडभरून हसली, काठी टेकत उठली आणि घराकडं चालू लागली.

“काय सांगितलंस?”

“म्हणलं, ताईला भूक लागली.”

पाव्हणीला मी हे सांगितल्यावर ती हसून हसून खाली बसली. खाली बसली ती फुलंच वेचायला लागली. मी उभीच. मग मी विचारलं, जे सोमवारच्या आधी विचारायचं होतं ते. शाळेत का येत नाहीस?

“येत होती की,” ती म्हणाली. वेचणं थांबवलं नाही तिनं. “दहाला वेचून होते. मग पळत येत होती. तीन दिवस आली. गेट लावून होतं. मामा म्हणले, ताईचा हुकूम हाय. मग गेटापाशी बसून राहिली जराशी. मंग वापस आली.”

मला आठवलं. त्यातल्या एका दिवशी मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते आणि हातचा सांगायला कुणी नव्हतं.

“ताई,” तिनं विचारलं, “नाव कमी केलं का माझं?”

मी सभांमध्ये बोललेली मुलगी. “अजून नाही,” एवढंच तोंडातून आलं.

शेजारच्या झाडाखालचा एक माणूस आपली टोपली घेऊन आमच्याकडं आला. नात्यानं तिचा चुलता. मराठी फर्डं. मी त्याला माझं पत्रक दिलं. त्यानं ते मोठ्यानं वाचून काढलं, सगळ्या झाडांखाली ऐकू जाईल असं. “पालकांनो, उत्तर द्या म्हणते. कोण देणार? बाप गेला तेलंगणात मिरची तोडायला. माय बाळंतीण, बारा दिवसांचं लेकरू मांडीवर. ऱ्हायली म्हातारी. तिला तुमचा कागदही दिसत न्हाई आन फूलही दिसत न्हाई.”

“मग यंदा हे झाड सोडून द्यायचं,” मी म्हणाले. “एका मुलीच्या शाळेपेक्षा फुलं मोठी आहेत का?”

चुलत्यानं टोपली खाली ठेवली. त्याला माझी कीव आली असावी. त्यानं सांगितलं ते असं. वाळवलेली फुलं विकून घराचा पावसाळा निघतो, म्हणून जंगलातली मोहाची झाडं गुड्यानं वाटून घेतलेली असतात. ज्या घरचं माणूस हंगामात झाडाखाली दिसतं त्याचं ते झाड. झाडून घ्यायचं, जाळ लावून जमीन साफ ठेवायची, फुलं वेचून घ्यायची, कुजू द्यायची नाहीत; नुसतं झाडाखाली बसून भागत नाही. एक हंगाम झाड बेवारस पडलं की पंच बसतात आणि ते दुसऱ्या घराला देतात. एकदा गेलेलं झाड परत येत नाही. हे झाड तिच्या पणज्यापासूनचं.

“आणि आता कुणाला जाईल?”

“मलेच जाईन म्हणा,” तो मिशीत हसला. “माझं घर शेजारीच हाय.”

“मग तुम्ही इथं उभं राहून बघून राहिलात?”

“नाही तर काय करू? वाट पाहून राहिलो!” तो म्हणाला, आणि आजूबाजूच्या झाडांखालची माणसं खो खो हसली. मुलगीसुद्धा हसली. मी त्या माणसावर चिडायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. नियम वाईट नव्हता. ज्यानं राखलं त्याचं झाड, हे मीच एखाद्या पत्रकात लिहिलं असतं. त्यात कुणी राक्षस सापडेना. राक्षस म्हणावं असं एकच काम तिथं झालं होतं, ते गेटाचं.

तेवढ्यात आजी दोन वाट्या ज्वारीची आंबील घेऊन आली. आम्ही प्यालो. उरलेली एकोणीस पत्रकं मी ओढणीत गुंडाळून परत आणली.

दुपारी मुख्याध्यापक सरांच्या खोलीत गेले. सर नांदेडचे, निवृत्तीला आलेले, आवाज कधी न चढवणारे. मी सांगितलं, शेरा चुकीचा आहे, खोडा.

“ताई, हजेरीपटातलं खोडता येत नाही,” सर म्हणाले. “खाली दुरुस्तीचा शेरा लिहिता येतो. पण ज्यानं लिहिलं त्यानं कारण लेखी द्यावं लागतं.”

मी तासाभरात दोन पानं लिहून आणली. सरांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. “यात शासन आहे,” ते म्हणाले. “समाज आहे, व्यवस्था आहे, आदिवासींवरचा शेकडो वर्षांचा अन्याय आहे. तुम्ही कुठं आहात?”

दुसऱ्या खेपेला एक पान झालं. तेही परत आलं. तिसऱ्या खेपेला मी व्हरांड्यात बसले. पाव्हणी शेजारी बसून मुलींच्या फाटक्या बुटांना दोऱ्या ओवत होती. लिहायला चारच ओळी लागल्या : ‘सदर विद्यार्थिनीची चौकशी न करता मी शेरा लिहिला. ती तीन दिवस सकाळी दहानंतर शाळेत आली होती. गेट बंद ठेवण्यास मी सांगितले होते. शेरा चुकीचा आहे.’ माझ्या हातानं एवढं छोटं कधी काही लिहिलं गेलं नव्हतं.

सरांनी वाचलं. “‘सदर’ बरोबर लिहिलंत,” म्हणाले, आणि सही केली.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. शेरा दुरुस्त झाला तरी यादी जाईपर्यंत ती सकाळच्या हजेरीला दिसली पाहिजे. ती न दिसल्यास तिला वाचवणं त्यांच्या हातात नाही.

“मग मोहाच्या दिवसांत हजेरी बाराला घ्या ना, सर. गुड्यातली सगळीच लेकरं येतील.”

“तसा ठराव शाळा व्यवस्थापन समितीनं करून वर पाठवायचा असतो. सभा जानेवारीत झाली. कुणी विषय काढला नाही.” सरांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही होतात त्या सभेला, ताई. चहा तुम्हीच दिलात सगळ्यांना.”

होते मी. कप गोळा करून निघून गेले होते.

आता गणित सोपं होतं. मुलगी नऊला शाळेत पाहिजे, आणि त्याच वेळी आजीसोबत वेचायला तिच्या घरचं कुणीतरी झाडाखाली पाहिजे. पाव्हणी म्हणाली, “आपल्या दोघींना सकाळी दहापर्यंत काय काम असतं?” गणित, इंग्रजी दोन्ही दुपारी हलवता येत होतं, आणि सकाळची हजेरी तेवढे दिवस सरांनी घ्यावी, असं मी सुचवलं. सरांनी मान हलवली. नाही म्हणाले नाहीत, एवढं पुरे होतं.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पुन्हा गुड्यात गेलो. चार पंच माणसं कडुलिंबाच्या झाडाखाली बसली. मी मांडणी केली. वाद चांगलाच रंगला, गोंडीत, आणि मुलगी मला त्यातलं दर वेळी पाचच शब्दांत सांगत होती. अडचण एकच : घरचं माणूस पाहिजे. आम्ही घरच्या कशा?

चुलता तावातावानं म्हणाला, “उद्या तहसीलदाराची पोरगी आणून बसवशील, म्हातारे!”

आजीनं काठी आपटली. तिचं म्हणणं मुलीनं सांगितलं ते असं : ह्या दोघींनी आज सकाळी आमच्या चुलीवरची आंबील खाल्ली. जे आमच्या चुलीचं खातं ते आमच्या घरचं. तुमच्यापैकी कुणी त्यांना वाटी दिली होती का? न्हाई ना. मग तुमच्या घरच्या त्या न्हाईत, माझ्या हाईत.

“ही गोरी पोरगी तुझ्या घरची?” चुलता.

“हाव,” आजी मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून. “उन्हात बसव महिनाभर. होते सारखी.”

पंच हसले, आणि हसल्यावर नाही कसं म्हणणार? झालं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी त्या घरच्या झालो. तांबडं फुटायला झाडाखाली पोचायचं. मुलगी आधीच येऊन बसलेली असायची, सात वाजेपर्यंत वेचायची आणि मग माझी सायकल घेऊन शाळेला पळायची. आम्ही उरलेली सायकल हातात धरून चालत परतायचो. मोह वेचायला काय अक्कल लागते, असं मला वाटायचं. लागते. फूल दाबलं की फुटतं, बोटं चिकट होतात, मग त्या बोटांना माती चिकटते आणि मातीचं फूल कुणी घेत नाही. पहिल्या दिवशी आमची टोपली बघून आजीनं ती पुन्हा जमिनीवर ओतली आणि चाचपून चाचपून निम्मी फुलं बाजूला काढली. आम्ही दोघी शिक्षिका, पदवी आणि परदेश पाठीशी, आणि म्हातारीपुढं नापास. पाव्हणीला लाल मुंग्या चावल्या तेव्हा ती तिच्या भाषेत काहीतरी ओरडली. ते ऐकून गुड्यातल्या सगळ्या लेकरांनी ते पाठ केलं. अजूनही मुंगी चावली की ती लेकरं जर्मन शिवी देत असतील, अर्थ मला तिनं कधी सांगितला नाही.

चुलता रोज यायचा. “काय घरवाल्याहो, आज तरी नीट वेचाल का?” म्हणायचा आणि मग स्वतःच वाकून दाखवायचा, दोन बोटांनी कसं उचलायचं. झाड मिळावं म्हणून वाट बघणारा माणूस आम्हाला ते राखायला शिकवत होता. मी त्याला एकदा तसं म्हणाले. “चुकीचं वेचलं तर फूल वाया जाते ना,” तो म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

एका सकाळी माझा फोन वाजला. झाडाजवळच्या एकाच दगडावर रेंज यायची, त्या दगडावर मी ओढणीत वेचलेली फुलं घेऊन बसले होते. माय होती.

“काय करालीस?”

“फुलं वेचालेय.”

“कुणाविरुद्ध?”

“कुणाविरुद्ध नाही, माय. नुसती वेचालेय.”

“बरी हायस ना?” तिनं विचारलं. मी खरंच बरी होते. ऊन वर येत होतं, आजी डबा वाजवत होती, बाळंतीण लेकरू घेऊन पहिल्यांदाच अंगणात आली होती आणि तिथून आमच्या वेचण्याला हसत होती.

रविवारी मुलगी दिवसभर असायची. आम्हा दोघींना जे तीन तास लागायचे ते ती एका तासात करायची आणि मग झाडाच्या मुळीवर बसून पाव्हणीकडून इंग्रजी वाक्यं घोटून घ्यायची. वर्गात तिच्या नावापुढं रोज ‘ह’ लागत होता. गेट लावायचा हुकूम मी त्याच गुरुवारी मागं घेतला होता. मामा म्हणाले, “बरं.” पहिल्या दिवशी म्हणाले होते अगदी तसंच.

महिनाअखेरीला यादी गेली. तिचं नाव त्यात होतं. एप्रिलमध्ये फुलं संपली, पंचांनी झाडाला हात लावला नाही. चुलत्यानं आजीला एवढंच म्हटलं, “पुढच्या साली तरी माह्या घरी वाटी पाठव त्याहीले.” उन्हाळ्यात पाव्हणी तिच्या देशी गेली. जून महिन्यात मुलगी आठवीत बसली. मी लातूरला परत आले आणि पुन्हा पत्रकं लिहायला लागले.

इथं थांबता आलं असतं. पण मला आनंद होतो तेवढाच रागही येतो, आणि तो आता स्वतःवरून पुढं सरकला आहे. त्याच मार्चमध्ये त्याच वर्गातली बाकीची निम्मी लेकरंही मोहाला गेली होती. त्यांच्या झाडाखाली कुणी बसलं नाही. बंद गेटाबद्दल त्यांना लेखी माफी कुणी दिली नाही. एका मुलीची शाळा टिकली, कारण दोन रिकाम्या पोरींच्या सकाळी मोकळ्या होत्या आणि त्यातली एक थेट जर्मनीहून आली होती. लेकरांचं शिक्षण असल्या योगायोगावर सोडायचं? दरवर्षी कुठून आणायच्या पाव्हण्या?

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावातल्या शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिची सभा कधी असते ते मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या सभेला जाऊन बसा, तुमचं लेकरू त्या शाळेत असो वा नसो. त्याआधी वर्गात जा आणि लेकरांना विचारा, वर्षातल्या कुठल्या दिवसांत सकाळी घरी तुमची गरज असते. मोह सांगतील, कापूस सांगतील, हरभरा सांगतील. त्या दिवसांपुरती हजेरी दुपारी बाराला घ्यावी, असा ठराव मांडा. कुणी टाळलं तर उठू नका. ठराव वहीत उतरवून घ्या, खाली तुमची सही करा, आणि तो वर गेला का हे पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा.